दिवेलागणीची गाडी

माणूस खोटं बोलतो, यंत्र कधीच खोटं बोलत नाही. हे मला ज्या मेकॅनिकने सांगितलं, त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं ‘फुल’वर अडकलेला आहे, आणि ती मोटारसायकल भर उन्हात ढकलत नेताना मी त्याला पाहिलेलं आहे. तरीही जुनी गाडी घेण्याआधी तिचं इंजिन तपासायला मी कुडाळहून त्यालाच बोलावलं. माझ्या माहितीत तपासणीची सगळी साधनं त्या एकट्याकडे होती.

गाडी इन्सुलीला होती. राखाडी, ठेंगणी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असली गाडी कशाला हवी, हा प्रश्न वेंगुर्ल्यात पुष्कळांनी मला विचारला. बायकोचा प्रश्न जास्त सरळ होता. “दोघांचीच? मगे नारळ खंय ठेवतलास?”

विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. काजूची बाग, थोडी भातशेती. गाडी त्यांच्या मुलाची. तो गोव्यात नोकरीला होता आणि शनिवारी संध्याकाळी या गाडीतून घरी यायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. गाडीत नाही, इस्पितळात, काविळीने. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण वाडीने त्याचा अपघात केव्हाच ठरवून टाकला होता. अशी गाडी चालवणारा माणूस काविळीने जातो हे कोणाच्या मनाला पटत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी खोपीत उभी होती. पत्र्याच्या छपराखाली, सुकवलेल्या सोलांच्या वासात. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. “एकदम तयार आसा,” गृहस्थ म्हणाले. “एक दिवस बंद रवाक नाय.” मेकॅनिकने किलोमीटरचा आकडा बघून शीळ घातली. गाडी फारच कमी फिरलेली होती. मला तेव्हाच आनंद झाला. इंजिनाच्या बाबतीत लवकर झालेला आनंद बहुधा खर्चात नेतो, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेळेवर आठवलं तर त्याला वाचन कोण म्हणेल?

मेकॅनिकने पेटी उघडली. हातमोजे घातले, मीटर फडक्याने पुसलं आणि सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. कामाला लागला की तो मालवणी सोडतो आणि बातम्या दिल्यासारखं बोलतो. “आता आपण इंजिनाची अंतर्गत परिस्थिती जाणून घेणार आहोत.” तोवर शेजारपाजारचे चार-सहा जण कुडणाशी, म्हणजे कुंपणाशी, जमले होते.

तपासणी तशी साधी असते. प्लग काढायचे, त्यांच्या जागी एकेका सिलिंडरला मीटर लावायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी फिरवायची. आतली हवा किती दाबली जाते ते काटा दाखवतो. एकेकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. चारी सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का, ते बघायचं.

“काटो खंय गेलो तर बरो?” कुडणाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

“उजवीकडे जितका जास्त, तितकं उत्तम,” मेकॅनिक म्हणाला.

“मगे कौलच तो!” म्हातारा खूश झाला. आमच्याकडे देवळात देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आता सगळ्यांनाच तपासणी समजली. लोक पुढे सरकले. एकाने चपला काढल्या.

चावी फिरवायला गृहस्थ स्वतः बसले. ते सीटच्या अगदी कडेवर टेकले होते आणि तरी त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत नीट पोचत नव्हता. सीट मागे, उंच माणसाच्या मापाने लावलेली होती.

“सीट पुढे घ्या ना,” मेकॅनिक म्हणाला.

“नको,” ते म्हणाले, आणि आणखी पुढे घसरले.

पहिला उजवा. दुसरा उजवा. तिसऱ्याला काटा अर्ध्यावर येऊन थांबला. चौथा पुन्हा उजवा. कुडणाशी कुजबुज झाली. “तिसऱ्याक देव नाय म्हणता.”

मेकॅनिकने तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. आकडा ऑइलने वाढला तर रिंगा झिजलेल्या, नाही वाढला तर बिघाड दुसरीकडे. तो वाढला नाही. मग त्याने पिस्टन वर आणून ठेवला, पंपाची हवा आत सोडली आणि ती कुठून निसटते ते ऐकायला लागला. ऑइलच्या झाकणाशी काही नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. गाडीच्या मागे सायलेन्सरशी मात्र बारीक, अखंड सुस्कारा ऐकू येत होता.

गृहस्थ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी सायलेन्सरला कान लावला. बराच वेळ लावून राहिले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि ती पंपाचीच हवा होती हे मला ठाऊक होतं. तरी कोणीतरी पंप बंद करावा असं मला फार वाटलं.

“एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही,” मेकॅनिक म्हणाला. “काजळी साचलेली आहे. गाडी फिरलेली नाही, पण इंजिन मात्र भरपूर चाललेलं आहे. उभ्या उभ्या.” मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “ही रोज कोण चालू करतं?”

ते काम गृहस्थ स्वतःच करत होते. रोज दिवेलागणीला घरात देवापुढे दिवा लागला की ते खोपीत येत, चावी फिरवत, आणि खिडकीतून दिसणारी समईची वात स्थिर होईपर्यंत इंजिन चालू ठेवत. तीन पावसाळे त्यांनी हा नेम मोडला नव्हता. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“म्हणजे माझ्यामुळे बिघडली,” ते म्हणाले.

मेकॅनिक प्रामाणिक होता, ही त्याची अडचण होती. “चालू केली नसती तरी आपल्या हवेत आतून गंजलीच असती. नुसती उभी ठेवली तरी बिघडते, नुसती चालू केली तरी बिघडते. तुम्ही तिला चालवायला हवं होतं.”

“माका चालवूक येणा नाय,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याने कौलाचा विषय पुन्हा काढला नाही.

मी पाणी प्यायला मागच्या दाराशी गेलो. तिथे त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “घेतलास काय ती?”

“एक सिलिंडर कच्चा आहे,” मी म्हणालो.

“तां माका कळणा नाय. पण घेऊन जावा.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “रोज दिवेलागणीक तो येता. आवाज ऐकला की माझो हात ताटाक जाता. मगे आवाज बंद. जेवक कोण येणा नाय. आणि हे खोपीतच बसान रवतत. मिया एकली तीन पाटांकडे बघीत रवतंय.”

पेला खाली ठेवताना माझ्या ध्यानात आलं, की तपासणीचा जो अर्थ लावायचा होता तो मी अजून लावलाच नव्हता. गाडीतला दोष दुरुस्त होण्यासारखा होता. मी ती नाही घेतली, तर संध्याकाळी चावी पुन्हा फिरणार होती.

मेकॅनिकने प्लग परत लावले. “तीन सिलिंडर आणि एक आजारी. हळू चालवून बघायला हरकत नाही,” तो म्हणाला. मी गृहस्थांना म्हटलं, “तुम्हीही चला.” ते या गाडीतून कधीच गेले नव्हते. मुलगा दर शनिवारी ‘चला’ म्हणायचा, ते दर शनिवारी ‘पुढच्या शनिवारी’ म्हणायचे.

मी आत बसलो, आणि माझेही पाय पोचेनात. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी समोर बघत मान डोलावली. मी खालची कडी ओढली. सीट खटकन पुढे आली. त्या आवाजाला त्यांनी डोळे मिटले.

आम्ही हायवेने चेकपोस्टपर्यंत गेलो. गाडी थोडी अडखळत होती, पण चालत होती. गोव्याचा नंबर बघून तिथल्या शिपायाने हात केला आणि कमरेत पुरता वाकून आत पाहिलं. आत कोणीतरी तरुण असणार अशी त्याची अपेक्षा असावी. आम्हा दोघांना पाहून तो सरळ झाला. गृहस्थ वाटेत एकदाच बोलले. “माड केदे उंच दिसतत हयसून.”

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज खोपीतून न निघता रस्त्याने आला, बेड्याच्या फाटकातून आत शिरला आणि अंगणात थांबला. घरातून भांडं पडल्याचा आवाज झाला. त्यांच्या पत्नी हातात निरांजन घेऊन ओटीवर आल्या. मी हलायला धजेना. डावीकडचं दार उघडलं आणि त्यांचा नवरा गुडघ्यावर हात टेकून, कसाबसा बाहेर आला.

बाईंनी त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “इलास? हातपाय धुवा आणि जेवक बसा.”

ते गेले आणि जेवायला बसले. तिसऱ्या पाटावर बाईंनी मेकॅनिकला बसवलं. त्याने हातमोजे काढले. मला चौथा पाट मांडला.

निघताना गृहस्थांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि एकच अट घातली. “उभी करून चालू करू नकात. चालवा.”

व्हॉल्व्ह बदलून झाला आहे, चौथ्याइतकाच तिसरा उजवा येतो. अट मी पाळतो. रोज दिवेलागणीला मी आणि बायको वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत जाऊन येतो. आमच्या घराच्या वळणावर एक गतिरोधक आहे आणि दोन माणसांच्या वजनाने गाडीचं पोट त्याला घासतं. म्हणून तिथे बायको उतरते, चालत घरी जाते, आणि माझ्या आधी पोचते.