हॉर्नचं उलटं बटण

जगातली झाडून सगळी वाकडी माणसं आणि वाकड्या वस्तू सरळ करण्याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे, असं आमच्या हिच्या, म्हणजे बायकोच्या, धाकट्या मामांना मनापासून वाटायचं. माणसांच्या बाबतीत त्यांना फारसं यश आलं नाही. वस्तूंना मात्र त्यांनी सोडलं नाही. माझ्या भावासाठी अंधेरीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा सोबत वडीलधारं कुणी हवं म्हणून मामांना नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा आमचं हे वडीलधारं माणूस तिच्याकडे पाठ करून स्टुलावर उभं होतं आणि भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होतं. परतताना मी त्यांचं मत विचारलं. "मुलगी चांगली आहे हो जावईबापू," मामा गंभीरपणे म्हणाले, "पण खिळा तिरका मारलाय. घरात कुणाचं लक्ष नाही." पुढे लग्न तिथेच ठरलं आणि साखरपुड्याला मामा खिशात हातोडी घेऊन आले, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मामा दिंडोशीच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. घरात मामा, मामी आणि मामांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा. दादांनी लग्न केलं नाही, धाकट्या भावाला गावाहून आणून वाढवलं. ते गिरणीत होते. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि दादा गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. आजार म्हणावा तर काही नव्हता. जेवायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे, पण जिना उतरायचे नाहीत. त्यांची जुनी विलायती मोटरसायकल जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून पडली होती. एका निवृत्त साहेबाकडून हौसेने घेतलेली ती गाडी एके काळी साऱ्या वस्तीची शान होती. मामांनी ती कधी चालवली नाही. तो मान दादांचा. मामा आपले मागे बसणारे. परीक्षेला मागे बसून गेले, मुलाखतीला मागे बसून गेले, एवढंच काय, मुंडावळ्या बांधून स्वतःच्या लग्नालाही दादांच्या मागे बसूनच पोचले.

एक दिवस मामांनी ताडपत्री काढली आणि जाहीर केलं, "गाडी पहिल्यासारखी करणार. गाडी झाली की दादा खाली येणार." आम्ही कुणी हसलो नाही. दादांना त्या खुर्चीतून उठवायचे बाकी सगळे उपाय करून झाले होते.

इंजिन मिस्त्रीकडे गेलं, टाकी रंगाऱ्याकडे गेली, पण हँडलवरचे स्विच मामांनी कुणाला हात लावू दिले नाहीत. त्यांच्या झाकणांवर कोरलेल्या इंग्रजी अक्षरांतला पांढरा रंग उडाला होता, आणि ती अक्षरं पुन्हा रंगवणं हे मामांच्या आयुष्यातलं सर्वांत गंभीर काम होऊन बसलं. आधी झाकणं रॉकेलमध्ये भिजत घालायची, मग मामींच्या नजरेआड त्यांच्याच भांड्यांच्या ब्रशने घासायची, काळा रंग चढवायचा, वाळवायचा. मग केरसुणीची एक हीर काढून तिच्या टोकाने अक्षरांच्या खाचांत पांढरा रंग सोडायचा आणि जाड पुठ्ठ्यावर फडकं ताणून, वरून फिरतं न फिरतं असं पुसायचं, म्हणजे रंग खाचेत राहतो आणि बाजूचा निघून जातो. पुठ्ठा लग्नपत्रिकेचाच लागायचा. त्या काळात मामा पत्रिका आली की वधूवरांची नावं वाचण्याआधी तिचा कोपरा वाकवून बघायचे. "कुणाचं लग्न आहे?" मामी विचारायच्या. "ते बघतो गो मग. कागद झकास आहे."

रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून घरातला पंखा बंद. मी भर मे महिन्यात जावई म्हणून जेवायला गेलो आणि आमरसाच्या वाटीसमोर घामाने निथळत बसलो. पंख्याच्या बटणाकडे माझा हात गेला, तर मामा असे ओरडले की शेजारचे धावत आले. "हॉर्न ओला आहे!" मामांनी त्यांना खुलासा केला.

त्याच सुमारास मामांना एक शत्रू सापडला. गाडी उकलताना त्यांच्या लक्षात आलं की हॉर्नचा स्विच डाव्या मुठीपाशी उलटा बसवलेला आहे. बटण वर, चालवणाऱ्याच्या अंगठ्याशी असायला हवं, ते हँडलच्या खाली, तोंड पुढे करून बसलं होतं. ज्या कुणी मिस्त्रीने हे केलं होतं त्याचा मामांनी रोज जिन्याखाली उभं राहून उद्धार केला. "कोण गाढव होता तो? डोळे होते की भोकं?" आवाज खणखणीत. वर गॅलरीत दादा ऐकत बसलेले असायचे.

गाडी झाली. खरोखर देखणी झाली. हॉर्नचं बटण आता जिथे असायला हवं तिथे, वरच्या बाजूला सरळ, आणि त्याच्या कडेची अक्षरं दुधासारखी पांढरी. मामा वर गेले आणि त्यांनी काय विनवण्या केल्या कोण जाणे, पण दादा कठडा धरत एकेक पायरी उतरले. मी तिथे होतो. बिल्डिंगमधली माणसं दारांत येऊन उभी राहिली होती. दादा गाडीवर बसले, दोन्ही मुठी धरल्या. त्यांची डावी तर्जनी हँडलच्या खाली गेली, तिथे जराशी चाचपडली आणि परत आली. वरच्या त्या पांढऱ्या अक्षरांकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

"बरां केलंस रे," ते म्हणाले, आणि उतरून वर निघून गेले.

मामांची पार वाट लागली. रंग आवडला नाही, टाकीवरची रेघ जाड झाली, सीट कडक झाली, सगळ्या शंका घेऊन झाल्या. शेवटी मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, भावोजींना डावा अंगठा आहे का?"

दादांचा डावा अंगठा फार वर्षांपूर्वी गिरणीतल्या यंत्रात गेला होता. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इतकं ठाऊक होतं की कुणाला दिसत नव्हतं. जन्मभर मागे बसणाऱ्या मामांनी दादांची पाठ पाहिली होती. पुढे दादांचा हात हॉर्न कसा वाजवतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. अंगठा नाही म्हणून दादांनी स्वतः स्विच फिरवून खाली घेतला होता, तर्जनीला सापडेल असा. रोज जिन्याखालून शिव्या खाणारा तो गाढव म्हणजे दादाच होते.

मामा किती रडले ते मला मामींनी नंतर सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच की पुढच्या रविवारी ते पाने-पकड घेऊन जिन्याखाली बसले होते आणि सरळ बसवलेली वस्तू आपल्या हाताने उलटी करत होते. तेवढ्यावर थांबते तर ते मामा कसले? फिरवल्यावर पुढून अक्षरं उलटी दिसत होती. त्यांनी कोरलेल्या खाचांत रंगाऱ्याकडची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून काळा रंग दिला आणि तीच अक्षरं त्या उलट्या जागी सुलटी दिसतील अशी हाताने काढली. अक्षरं ओबडधोबड आली.

"मामा, तिथे वाचणार कोण?" मी विचारलं.

"कुणी नाय. पण दादाचं म्हणून जे आहे, ते उलटं कशाला दिसायला हवं?"

या वेळी त्यांनी विनवण्या केल्या नाहीत. खाली उभं राहून नुसता हॉर्न वाजवला, तर्जनीने, खालून. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उतरले, गाडीवर बसले, त्यांचं बोट खाली गेलं आणि हॉर्न असा वाजला की कावळे उडाले. "बस रे मागे," दादा म्हणाले. मामा मागे बसले आणि गाडी वसाहतीच्या फाटकाबाहेर गेली. आम्ही सगळे वेड्यासारखे टाळ्या वाजवत राहिलो.

त्यानंतर दादा रोज खाली उतरू लागले. पन्नाशीला टेकलेल्या धाकट्या भावाला त्यांनी गाडी चालवायलाही शिकवली. आता दादा नाहीत. गाडी मामा चालवतात, आणि परवा बोरिवलीला आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना वळणावर येताना पाहिलं. देवाच्या दयेने मामांचे दोन्ही अंगठे धडधाकट आहेत. डावा त्यांनी मुठीत दुमडून घेतला होता आणि तर्जनीने खालचं बटण दाबून ते हॉर्न वाजवत येत होते. स्विच सरळ करून घ्या, असं मी त्यांना म्हटलं नाही. गाडी शिकताना त्यांनी शिकवणाऱ्याचा हात पाहिला होता, आणि हॉर्न असाच वाजवायचा असतो, असंच ते शिकले आहेत.