बारीक आवाज आधी जातात

शुक्रवार होता. टेमघरला आमच्या घरामागे लूमचा कारखाना आहे. शुक्रवारी त्याची वीज बंद असते, म्हणून त्या दिवशी आमच्या गल्लीत माणसं हळू बोलली तरी चालतं. सकाळच्या शाळेत शिकवून मी घरी आले, तर धाकटी बहीण खिडकी घट्ट लावत होती.

"ताई, आज शुक्रवार ना? मग लूम कोणी चालू ठेवलाय?"

"लूम बंद आहे."

"चेष्टा नको करू. मघापासून घरघर चालू हाय."

मी खिडकी पुन्हा उघडली. बाहेर कोणीतरी कपडे आपटत होतं, बाकी काहीच नव्हतं. बहिणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही कानांवर हात ठेवले आणि काही क्षणांनी काढले. "हात ठेवला तरी येतोय," ती म्हणाली. आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो. दवाखान्यात पहिल्या दिवशी सांगितलेलं एक वाक्य दोघींनाही आठवलं होतं, पण ते आधी बोलायला कोणी तयार नव्हतं.

तिला टीबी झाला होता, आणि तोही साधा नाही. नेहमीच्या गोळ्यांचा कोर्स संपत आला तरी खोकला जाईना, तेव्हा थुंकी मुंबईला तपासायला पाठवली. बिघडलेला टीबी निघाला. नेहमीच्या औषधांना तो जुमानत नाही. तिचं सासर वडप्याला. हायवेला लागून सासऱ्यांची जमीन, तिच्यावर गोडाऊन, नवऱ्याचे स्वतःचे टेम्पो. सासूने माणुसकीनेच सांगितलं, "बरी झालीस की ये, पोर आम्ही सांभाळतो." मुलगी तेव्हा जेमतेम चार वर्षांची. बहीण माहेरी आली ती एक बॅग घेऊन, मुलीचा फ्रॉक चुकून त्यात आलेला. तो तिने परत पाठवला नाही.

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात तिला मूठभर गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन सुरू झालं. कमरेच्या दोन्ही बाजूंना सुईच्या गाठी झाल्या, आई गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची. पण वजन वाढायला लागलं होतं आणि ताप गेला होता. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या इंजेक्शनने कधी कधी कानाला त्रास होतो. काही वाटलं तर लगेच सांगा." तेच वाक्य आम्ही त्या शुक्रवारी पलंगावर बसून आठवत होतो.

कान तपासायचं यंत्र आमच्या दवाखान्यात नव्हतं. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. आधी बोट पटापट वर जात होतं. मग मशीनवरच्या बाई बटणं दाबत राहिल्या आणि बहीण मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिली, शहाण्या मुलीसारखी. तिला वाटलं तपासणी संपली.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "बारीक आवाज आधी जातात. घंटा, पक्षी, लहान मुलांचं बोलणं. जाड आवाज शेवटी जातात. गेलेलं परत येत नाही, पण इंजेक्शन थांबलं तर उरलेलं वाचू शकतं." कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून मान हलवली. "तुमच्याकडे हे अजून देतात? परदेशातल्या मोठ्या आरोग्य संस्थेने तर सगळ्या देशांना सांगितलंय, हे शक्यतो देऊ नका. आता त्याच्या जागी गोळी आहे."

मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे आज सांगताना विचित्र वाटतं. वाटलं, जगातल्या एवढ्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलंय, म्हणजे काम झालंच. परतीच्या वाटेवर मी बहिणीला ओरडून ओरडून हेच सांगत होते, "सुई बंद होणार तुझी!"

दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, मला ते माहीत आहे. मी वाचलंय. पण ती गोळी माझ्याकडे नाही. दुकानातही मिळत नाही. परदेशातून देणगी म्हणून थोडी आलीये, ती ठरावीक केंद्रांवरच देतात."

"मग तोवर इंजेक्शन थांबवा."

"थांबवता येईल. पण मग उरलेल्या औषधांवर तिचा टीबी आवरेल याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि एकदा तो त्यांनाही जुमानेनासा झाला, तर माझ्याकडे काहीच उरणार नाही."

तिथून माझी वणवण सुरू झाली. मुंबईच्या केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "पत्ता ठाणे जिल्ह्यातला आहे. आमच्या कोट्यात बसत नाही." ठाण्याला गेले, तर ते म्हणाले, "आमच्याकडे अजून सुरूच झालेलं नाही." कधी होईल? "वरून आलं की." वर म्हणजे कुठे? पुण्यातून, म्हणाले. पुण्याला फोन लावला तर दिल्लीतून. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांच्या मदतीने मी त्या परदेशी संस्थेलाही ईमेल लिहिला. उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. आम्ही रुग्णांना थेट उपचार देत नाही, आपल्या देशाच्या आरोग्य खात्याशी संपर्क साधावा. मी ते वाचलं, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हसू लागले. हसणं थांबेना तेव्हा एका बाईंनी मला पाणी दिलं.

इकडे रोज सकाळी सुई चालूच होती. एक दिवस आई बाहेर गेली असताना कुकर शिट्ट्या करत राहिला आणि बहीण त्याच्या शेजारी बसून भाजी निवडत राहिली. आई परतली तेव्हा भात जळून घरभर धूर झाला होता. आई मोरीत जाऊन कुकर घासत बसली, कितीतरी वेळ.

मग दवाखान्यात पाहुणे येणार असल्याचं कळलं. परदेशी संस्थेचे लोक टीबीचं काम कसं चाललंय ते बघायला येणार होते. भिंतींना रंग लागला, बंद पडलेला पंखा फिरू लागला. तिथल्या अधिकाऱ्यांनी बहिणीला मुद्दाम बोलावलं, कारण तिचं वजन वाढलं होतं आणि ती एकही दिवस चुकली नव्हती. "पाहुण्यांना सांगा, बरं वाटतंय म्हणून," ते म्हणाले. मी शाळेत रजा टाकून तिच्यासोबत गेले.

पाहुण्यांमध्ये एक वयस्क, बारीक अंगाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा आवाजही बारीक. त्यांच्या सोबत मुंबईची एक दुभाषी मुलगी होती. बाई बहिणीसमोर स्टूल ओढून बसल्या, मास्कमागून काहीतरी विचारलं. मुलीने हिंदीत सांगितलं, "पूछ रही हैं, इलाज में कोई तकलीफ?"

बहीण दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मास्कमुळे ओठही दिसत नव्हते. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, गरजेपेक्षा फार मोठ्याने, "काय म्हणतात त्या?"

पाहुण्या बाईंना भाषांतराची गरज पडली नाही.

मग मीच बोलले. जमेल तशा हिंदीत सगळं सांगितलं: कान, कोटा, आधार कार्ड, ठाणे, ईमेल. अधिकारी मध्ये बोलायला लागले, तर बाईंनी हात करून त्यांना थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या सावकाश बोलल्या आणि मुलीने सांगितलं, "इनकी संस्था सिर्फ सलाह दे सकती है. वो दे दी है. लागू करना हर देश का अपना काम है."

"और गोली?"

"वो दान में आती है. कितनी आएगी, कहाँ जाएगी, ये दूसरे लोग तय करते हैं."

"फिर आप लोग यहाँ किसलिए आए हैं?"

मुलीने ते भाषांतर केलं नाही. बाईंनी तिला विचारलं, मी काय म्हटलं म्हणून. तिला सांगावंच लागलं. बाईंनी खाली पाहिलं, मग सरळ माझ्याकडे पाहून उत्तर दिलं. "कह रही हैं, देखने के लिए. और जो देखा वो लिखने के लिए. इससे ज़्यादा इनके हाथ में नहीं है." त्यांनी बहिणीचा हात दोन्ही हातांत धरला. तो कळवळा खोटा नव्हता. खोटा असता तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर आल्यावर अधिकारी माझ्यावर चिडले. "पाहुण्यांसमोर असं बोलतात का, बाई? शिकवता ना तुम्ही?" डॉक्टर त्यांच्या मागे उभे होते, जमिनीकडे बघत.

रिक्षात बहिणीने विचारलं, आत काय बोलणं झालं. मी तिच्या कानाशी ओरडून सांगत गेले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि आपलं गाणं बंद केलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत हाय, आणि कोणाच्याच हातात न्हाय."

घरी आईने एकच धोशा लावला. "बंद कर गो ती सुई. कान गेल्यावर काय करायचंय जगून? टीबीचं बघू काय ते."

"सुई बंद केली तर ती मरेल, आई."

"मरेल मरेल काय लावलंयस? माझी धडधाकट पोर बहिरी करून टाकली त्यांनी!"

आम्ही दोघी भांडत होतो आणि जिच्यासाठी भांडत होतो ती मधे बसून आमची तोंडं बघत होती. अचानक तिने ताट जमिनीवर आपटलं. "मोठ्याने बोला! माझ्याबद्दल बोलताय ना, मग मला ऐकू जाईल असं बोला!"

मग तीच बोलली, पहिल्यापेक्षा हळू. "मी मेले तर पोरीला आई न्हाय. बहिरी झाले तर आई हाय, बहिरी हाय. यात विचार काय करायचा?" आणि ती उठून ताट उचलायला लागली.

इंजेक्शन चालू राहिलं. रोज संध्याकाळी ती वडप्याला फोन लावायची, स्पीकर करून कानाला चिकटवायची. मुलगी तिकडून बोलायची. मला दारातून स्वच्छ ऐकू यायचं, "मम्मी, मी चित्र काढलं. मम्मी, बोल ना." बहीण डोळे मिटून वाट बघत असायची. मग तिचा नवरा फोन घ्यायचा. त्याचा आवाज ढोलासारखा, तो तिला पोचायचा.

"तुमचा येतो," ती म्हणायची. "तिचा न्हाय येत. ती काय म्हणते ते तुम्हीच सांगा."

आणि तो सांगायचा. तो मोठा, राकट माणूस, टेम्पोच्या हमालांवर ओरडणारा, फोनवर आपल्या जाड आवाजात म्हणायचा, "'मम्मी, मी चित्र काढलं. त्यात आपलं घर आहे.'" काही दिवस त्याने हे नेमाने केलं. मग कधी गाडी बाहेर असायची, कधी गडबड असायची. आणि मग त्याचाही आवाज तिला पोचेनासा झाला, तेव्हा फोनच थांबले.

त्यानंतर एका सकाळी डॉक्टरांचा मला फोन आला. "बाई, आली." एवढंच. मी शाळेच्या जिन्यात होते, तशीच निघाले. दवाखान्यात त्यांनी बहिणीला गोळ्यांची डबी दाखवली आणि इंजेक्शनच्या ट्रेकडे बोट करून हात आडवा हलवला. बंद. तिला समजलं. तिने डबी हातात घेतली, फिरवून बघितली आणि विचारलं, "आधी का न्हाय दिली?" डॉक्टर काहीतरी पुटपुटले. ते तिला ऐकू आलं नाही, आणि मलाही नाही.

ती बरी झाली. थुंकी स्वच्छ आली, पुढेही स्वच्छच राहिली. कानाला मशीन लावून पाहिलं, त्याने नुसता गोंगाट वाढला, म्हणून ते कपाटात पडून आहे. सासरच्यांनी हायवेचं कारण पुढे केलं. बहिऱ्या बाईने तिथे कसं राहायचं, म्हणाले. पण मुलीला आणून सोडलं. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये बहिणीला पॅकिंगचं काम मिळत होतं. ठेकेदाराने दोन दिवसांत नको म्हटलं. माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागे येताना वाजते, ते तिला कळत नाही. त्याचंही चुकलं नाही. आता ती घरीच कपड्यांचे धागे कापते. मुलगी बोलायचं असलं की आधी समोर येऊन उभी राहते. आईला कधी ऐकू येत होतं, हे तिला आठवतही नाही.

ते इंजेक्शन आता आमच्याकडे देत नाहीत. नव्या रोग्यांना सगळ्या गोळ्याच. मी लोकांना हे सांगते तेव्हा माझा आवाज आनंदी असावा असा प्रयत्न करते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला खोकला लागला. लूमवर सुताची कांडी भरणारी बाई. मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेले. टीबी निघाला, पण साधा की बिघडलेला ते मुंबईच्या तपासणीतच कळणार होतं. डॉक्टर बदलून गेलेले. रोग्यांना समजावून सांगणारी एक ताई तिथे बसायची, तिची खुर्ची रिकामी होती. परदेशी मदत थांबली, प्रोजेक्ट बंद झाला, शिपाई म्हणाला. थुंकीचे नमुने मुंबईला नेणारा माणूसही त्याच प्रोजेक्टचा होता. मग नमुना कोण नेणार? शिपायाने खांदे उडवले. खिडकीतल्या मुलीने काही दिवसांपुरत्या साध्या टीबीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं नाही ठरवता येत."

बाईने गोळ्या पदरात बांधल्या. "बाई, तुमची बहीण बरी झाली ना इथेच?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला ठाण्याला घेऊन गेले. त्यांनी नमुना ठेवून घेतला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढच्या आठवड्यात गेलो, तर अजून पाठवलाच नव्हता. बाई बाकावर खोकत बसली होती, तोंडाला पदर लावून. मी खिडकीशी उभी राहिले आणि नमुने पाठवणारे साहेब जेवून येईपर्यंत तिथून हलले नाही.