संस्थेच्या वहीतलं नाव

फिलाडेल्फियातली लोविना पर्नेल कपड्यांना खळ घालून इस्त्री करायची. तिच्या हातच्या कॉलरी कडक उभ्या राहत, पण दारावर थाप पडली की तिला स्वतःला उभं राहवत नसे; ती मागच्या दाराकडे धावे. अकरा वर्षांपूर्वी ती मेरीलँडच्या मळ्यावरून पळाली होती. मालक तिला जूनो म्हणे. खरी लोविना पर्नेल ही तिथलीच एक स्वतंत्र बाई, तापानं गेलेली. तिचा मुक्तीचा दाखला हिच्या हाती लागला आणि दाखल्यासोबत नावही हिनं उचललं.

गुलामगिरीविरुद्ध बायकांनी संस्था काढली, तेव्हा वहीत लिहिलेल्या संस्थेच्या घटनेखाली हिनंही सही ठोकली. नुकतीच लिहायला शिकली होती, हात शिवशिवत होता. आपण काय करून बसलो, हे पुढच्या बैठकीत कळलं.

चिटणीस फीबी जॅरेट खुशीत सांगत होती, "घटना छापतोय, सगळ्यांच्या नावांसकट! शंभर प्रती टपालानं मेरीलँडच्या मळेवाल्यांना. वाचू देत मेल्यांना."

लोविनाचं लक्ष मेरीलँड या शब्दावरच अडकलं. खऱ्या लोविनाचा भाऊ अजून तिथंच होता. पुरलेली बहीण सह्या करतेय म्हटल्यावर गावभर बोभाटा होणार, आणि पळालेले गुलाम पकडणाऱ्यांना इथवर यायला कितीसा वेळ? दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं फीबीचं घर गाठलं.

"फीबीबाई, माझं नाव खोडा."

"बाई कसली गं? आम्हा क्वेकर पंथीयांत सगळ्यांना अरेतुरेच." मग तिचा चेहरा पाहून फीबीचं हसू मावळलं. सगळं ऐकून तिनं वही पुढं सरकवली. "तूच खोड. तुला भित्री म्हणेल त्याला मी बघून घेईन."

लोविनानं रेघ मारली. सुटले, असं वाटायला हवं होतं. उलट रडू फुटलं. जन्मात पहिल्यांदा कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव, तेही मेलेलीचं, तेही खोडलेलं.

"आणखी एक नाव आहे," ती पुटपुटली. "आई कानात म्हणायची. मालकाला कधी कळू दिलं नाही."

"मग ते लिही ना."

पेन पुन्हा शाईत बुडालं. तिनं लिहिलं: अक्सा. आडनाव नव्हतंच.

ती कोपऱ्यापर्यंत पोचली तोच मागून हाक आली, "अक्सा! अगं, शाल राहिली तुझी!"

आई विकली गेली त्या दिवसापासून ही हाक कुणी मारली नव्हती. पळण्यासाठी उचललेला पाय तिनं खाली टेकवला.

"आले," ती म्हणाली, आणि मागं वळली.