उष्ट्या ताटांचं बाकडं

कँटीनच्या दाराशी बाकडं ठेवायची कल्पना माझी. वरून हुकूम नव्हता, कुणी सुचवलंही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सिल्वासाभोवती कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मी कामगारांच्या सोयी बघायचो, त्यात कँटीनही आलं. कामगार बहुतेक धुळे-जळगावकडचे, जवळच्या आमली भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे. स्वयंपाकी मात्र गुजराती. त्यांना सगळे महाराज म्हणत. महाराजांची डाळ गोड आणि पोळ्या कागदासारख्या पातळ. ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेल्यांना ते जेवण घशाखाली उतरत नसे. रोज पिंपभर डाळभात मागच्या ओहोळात ओतला जाई. उन्हाळ्यात त्याला असा आंबूस वास सुटे, की शेजारच्या अथाल गावाहून कामाला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून लांबून वळसा घालत. पावसाळ्यात ते सगळं दमणगंगेत वाहून जाई. आम्हाला वाटे, संपलं.

"महाराज, गूळ जरा कमी घाला की," असं कुणी म्हटलं की ते उसळत. "गूळ नाय तर ती डाळ कसली? दवाखान्यातलं पाणी!"

मी कोकणातला. आमच्या घरी ताटात शीत राहिलं तर वडील पुन्हा पाटावर बसवत. त्यामुळे मला दोष दिसला तो खाणाऱ्यांचा. मी नियम केला: ज्याच्या ताटात अन्न उरेल त्याने ते ताट आपल्या हजेरीच्या बिल्ल्यासकट बाकड्यावर ठेवायचं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं.

थोड्याच दिवसांत उष्ट्याचं पिंप रिकामं राहू लागलं. महाराज कणीकही कमी मळू लागले. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना आणून ते पिंप दाखवत आणि मी बाजूला छाती काढून उभा. लोक अन्न संपवत नव्हते, मुळात घेतच नव्हते, हे मला दिसायला हवं होतं. मी रोज पिंपात डोकावायचो. ताटांत कधी डोकावलो नाही.

मग एका दुपारी धुळ्याकडचा एक तरुण कामगार मशीनजवळ कोसळला. हात थोडक्यात वाचला. मी धावत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अगदी तोंडाजवळ वाकलो होतो, दारूचा वास नव्हता. तो अर्धवट शुद्धीत पुटपुटला, "सकायपासून एकच पोयी खाल्ली साहेब. गोड दाय जात नाही, अन् बाकड्यावर ताट ठेवायची लाज वाटते."

तेवढ्यात मॅनेजर आले. इथे दारू उघड मिळायची, दारूबंदीच्या गुजरातेतून, वापीकडून, लोक खास त्यासाठी येत. कुणी पडला की पहिला संशय बाटलीवरच. "प्यायलाय का हा?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोललो नाही. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मॅनेजरनी समजायचं ते समजून घेतलं. तो शुद्धीवर आल्यावर, उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला सांगितलं.

आठवडाभर मी गप्प राहिलो. शेवटी झोप लागेना तेव्हा आमलीत त्याच्या खोलीवर गेलो. ट्रंक बांधून ठेवलेली. खोलीतल्या जोडीदारांनी मला दारातच गाठलं.

"या साहेब! बसायला बाकडं आणलं नाही का?"

"साहेबांना आत घ्या रे, उष्टं-बिष्टं काही नाही ना इथं?"

तो हसला नाही. "नोकरीचं जाऊ द्या," म्हणाला, "मी दारूला शिवत नाही. गावात हीच गोष्ट आधी पोचंल. सासरा पोरगी पाठवील का मग इकडे?" बायकोला आणण्यासाठी त्याने वेगळी खोली बघून ठेवली होती.

त्याला तसाच स्कूटरवर घालून मी मॅनेजरकडे नेलं आणि त्याच्यासमोर सांगितलं, "हा प्यायला नव्हता. उपाशी होता, आणि माझ्या नियमामुळे उपाशी होता." मॅनेजर चिडले, माझ्यावर. पण दुसऱ्या दिवशी तो कामावर होता.

बाकडं मी हलवलं. महाराजांशी भांडून बिनगुळाच्या डाळीचं वेगळं पातेलं चढवलं. ज्वारीची भाकरी सुरू केली. आधी थोडंच वाढायचं आणि मागेल तितक्यांदा पुन्हा द्यायचं, कुणी कपाळाला आठी घालायची नाही. किती जण जेवणार हे सकाळी विचारूनच पीठ काढायचं. पिंप पुन्हा जवळजवळ रिकामं झालं, ओहोळाचा वास गेला, आणि यावेळी पोटं भरलेली होती. तेव्हापासून मी ठामपणे सांगत आलोय, अन्न वाया जातं ते आधी चुलीवर. खाणारा कोण आहे हे न विचारता शिजवलं, की ते उकिरड्यावर जाणार, आणि माणूस तरीही भुकेला राहणार.

हे सांगताना मी कधी अडखळलो नाही. अडखळलो ते दुसऱ्याच ठिकाणी.

त्याची बायको आल्यावर त्याने मला जेवायला बोलावलं. तिने ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, वांग्याचं भरीत होतं. वाढताना तो तिला कौतुकाने सांगत होता, "मी प्यायलो नव्हतो हे साहेबांना तवा ठाऊकच नव्हतं. कळलं तसे धावत आले बरं का!"

"दादा, घ्या ना अजून अर्धी," ती म्हणाली.

मी ताट पुढे केलं. त्याच्या तोंडाला वास नव्हता हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. त्या दोघांसमोर हे बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मी भरिताची तारीफ केली.