एका डिस्कला दोन मशीन

न्हावऱ्याच्या धनश्रीला कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि सर्जेराव आप्पांना तर मुळीच नाही. तिचे वडील मल्हारी मेंढरं मोडून दोन एकरांवर स्थिरावले, तेव्हा त्यांच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. शेजारच्या आप्पांनी आपल्या विहिरीचं पाणी नऊ वर्षं दिलं. मग आप्पांच्या घरून निरोप आला की हातातलं काम टाकून पळायचं, हे या घराचं वळणच पडलं.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून पोरगी दूध संघात लागली, तीही गाईंच्या कानात बिल्ले मारायला! न्हावऱ्यापासून पार दौंडकडच्या खुटबावपर्यंत गोठे पालथे घातले. लाथा खाल्ल्या, शेणात घसरली, पण कुठल्या गाईची आई कोण, बाप कोण, हे टिपत राहिली. एकाच बापाची जनावरं आपसात फळू नयेत, म्हणून ही वंशावळ. अकरा वर्षांत बत्तीस हजार जनावरं नोंदली गेली, आणि संघाची कॉम्प्युटर रूमही तिच्याच ताब्यात आली.

तिथं एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात सात मशीन चालत. व्हर्च्युअल, म्हणजे कामाला सात अन् डोळ्यांना एकच. वंशावळ होती वेगळ्या स्टोरेजच्या डिस्कवर, आणि पैदास विभागाचं मशीन नेटवर्कवरून थेट त्या डिस्कला जोडलेलं. तिथं लिहिणारं मशीन तेवढं एकच.

आप्पा आता संघाचे संचालक. एका सकाळी ते रूममध्ये आले.

"धने, उद्या पाव्हणे येत्यात. नवं अ‍ॅप दाखवायचंय. त्याचं मशीनबी वंशावळीच्या डिस्कला जोड."

"आप्पा, तसं चालत न्हाई."

"का बरं? एका हिरीवर दोन मोटारी चालत्यात की!"

"हिरीतलं पाणी दोघांनाबी दिसतं. हितं दोन्ही मशीनला वाटतं, डिस्क माझ्या एकट्याचीच. एकानं कुठं लिहिलं ते दुसऱ्याला कळत न्हाई, ते त्याच्यावरच लिहितं. सगळा चिखल हुईल. मी नक्कल काढून देते, सांजच्याला तयार."

"पाव्हण्यांना नक्कल दाखवू?" आप्पांचा आवाज चढला. "तुझ्या बापाला पाणी देताना मी न्हाई म्हणलो हुतो का गं?"

झालं! पोरीनं जोडणीचं पान उघडलं. आणि मेलं ते स्टोरेज, एकदा 'नक्की का?' विचारतं आणि मुकाट जोडून देतं. बोट माऊसवर होतं. वडिलांची मान खाली जाईल, हे तिला कळत होतं. पण गोठ्यागोठ्यांतून एकेक करून आणलेल्या त्या नोंदी पुन्हा कोण देणार होतं?

"मला कामावरून काढा आप्पा, पण हे मी करणार न्हाई."

आप्पा चहा न घेता निघून गेले. घरी कळलं तेव्हा मल्हारींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "आप्पाला न्हाई म्हणलीस?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिच्याशी बोलले नाहीत.

नाइलाजानं पाहुण्यांना नकलेवरच अ‍ॅप दाखवलं. एका हौशी पाहुण्यानं स्वतःच बटणं दाबून पाहिली, आणि न्हावऱ्याच्या यच्चयावत गाई 'मृत' झाल्या. आप्पांचा फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"पोरी, आपली जनावरं?"

"हायत तशी हायत, आप्पा. मेली ती नकलेतली."

मग आप्पा हळूच म्हणाले, "ते पाण्याचं काढायला नको हुतं मी."

'असू द्या' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

"नकोच हुतं, आप्पा," ती म्हणाली.