नळीतला पांढरा रस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवीपुढेसुद्धा नाही. तिथे हात जोडते आणि परत फिरते.

मी मालवणात एका लॅबमध्ये रक्त तपासते. सुधीर भावोजी, माझे थोरले दीर, आले तो आमच्या गावच्या जत्रेचा दिवस. शाळामास्तर माणूस, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. पोटातली कळ थेट पाठीत जात होती, उशी कवटाळून वाकून बसले होते. डॉक्टरांनी अमायलेजची तपासणी लिहून दिली होती. स्वादुपिंड सुजलं की हा आकडा चढतो.

रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून काढली आणि — अगो बाई! वर पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, यायचं, तिथे नारळाच्या रसासारखं पांढरंफटक. रक्तात एवढी चरबी असली की आकडा मोजणारं मशीन फसतं, चढलेला आकडासुद्धा साधा दाखवतं. नमुना पातळ करून पुन्हा लावायचा, रिपोर्टवर तसं लिहायचं. मला ठाऊक नव्हतं का? नव्या मुलींना मीच शिकवते की!

पण बाहेर जत्रेला न्यायची गाडी उभी होती, देवीची ओटी भरायची माझी वेळ टळत होती. भावोजीच म्हणाले, "पित्त असतला गो, तू जा." आणि मी — मी आला तो आकडा छापला. नॉर्मल.

डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी श्वास लागला, गोव्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडात भडका उडालाय, पेशी जळतायत, साखर चढतेय, कॅल्शियम घसरतंय, लवकर कळायला हवं होतं. मी तिथेच उभी होते. पाचव्या दिवशी भावोजी गेले.

एवढ्यावर मी थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. कामावर आल्या आल्या लॅबमधल्या कॉपीवर पेनाने लिहिलं, 'सीरम दुधाळ'. कुणी विचारलंच तर मी कळवलं होतं असं दिसावं, दोष डॉक्टरांवर जावा म्हणून. कुणी विचारलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसोबत भावोजींना जाऊबाईंनी आग्रह करकरून कोंबडी-वडे वाढले होते. भावोजी गेल्यापासून जाऊबाईंनी वड्याच्या पिठाला हात लावलेला नाही. दर जत्रेला माझ्याजवळ बसून रडतात, "माज्याच हातान गेले गो ते."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. म्हणते, "तुमचो काय दोष, वयनी?" आणि पुढे काहीच बोलत नाही. यंदाही बोलले नाही.