तिसरीच्या वर्गाचा फटक्याचा तास

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. आता हे किती पटकन टाईप झालं बघा. तेव्हा हेच तोंडातून निघायला मला चार दिवस लागले, आणि जे बिघडायचं ते त्या चार दिवसांतच बिघडलं.

बी.पी.एड. होऊन सहा महिनेच झालते. देवगाव रंगारीच्या पुढं एका गावात जिल्हा परिषदेची शाळा, तिथं मानधनावर खेळ शिकवायला लागले. घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. सकाळी एसटी, मग जीप. जीपवाले चाचा मला बघितलं की ओरडायचे, "आओ मास्टरनी, आगे बैठो, पीछे तो बकरे बैठेले हैं!" मागं बसलेली माणसं चिडायची, मी हसत पुढं बसायची. खरं सांगते, त्या नोकरीला मी लई खुशीत जायचे.

तिसरीला मला फटका शिकवायचा होता. म्हंजी वस्तू हातानं नायतर फळीनं मारायची, आणि जिथं पाठवायची तिथंच पाठवायची. ऐकायला सोपं वाटतं. आठ वर्षांच्या पोराला शिकवून बघा! मी फुग्यापासून सुरुवात केली. गुलमंडीतून दोन पाकिटं नेली. फुगा हळू येतो, पोराला बघायला वेळ मिळतो. मग कागदाचा चेंडू, नुसत्या तळहातानं. मग गावातल्या सुताराकडून सहा फळ्या करून घेतल्या, मूठ बारीक, पुढं रुंद. बाटलीत मुरूम भरायचा, तोंडावर चेंडू ठेवायचा, झालं आमचं स्टँड.

फळी हातात दिली त्या दिवशी सगळ्यांनी ती डोक्यावर नेली आणि दणकन खाली आणली. बाटली आडवी, चेंडू तिथंच. मला कळंना असं का करायलेत. मग एक पोरगी म्हणली, "मॅडम, माय तुरी अशाच बडवती." बरोबरच होतं की. यांनी फळी बघितली ती धुणं आपटताना, काठी बघितली ती शेंगा बडवताना. सगळं वरून खाली. मी दोन आठवडे नुसती ओरडत होते, "आडवं रे, आडवं! कमरेतून वळा! नजर चेंडूवर!"

पहिल्यांदा जमलं ते एका मेंढपाळाच्या पोरीला. तिचे आई-बाप दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कन्नडच्या बाजूला जायचे, या रानातून त्या रानात. हिला तेवढी शाळेसाठी गावात आत्याकडं ठेवली होती. घरातली शाळेत गेलेली ही पहिलीच. तिनं फळी धरली, एक पाय पुढं टाकला, अंग मागं नेलं आणि अशी वळली की चेंडू थेट शाळेच्या पत्र्यावर. सगळा वर्ग नाचायला लागला. मी पण नाचले, खोटं कशाला सांगू.

वर्गात एक बागायतदाराचा नातू होता, गोरागोमटा, बोलायला पुढं. तो मला म्हणला, "मॅडम, ही आमच्याकडून पायजे. नायतर मी खेळतच नाय."

ती म्हणली, "तुला कुठं मारता येतं? तू नुसता वारा घालतो."

"मग शिकव की!"

तेव्हापासून तो तिच्या मागंच. ती फळी कशी धरती, पाय कुठं ठेवती, सगळं बघायचा.

आता महत्त्वाचं सांगते. मी मैदानावर पांढऱ्या फक्कीनं मोठे गोल आखले होते. गोलात एकच जण. बाकीच्यांनी लांब झाडाखाली बसायचं. हे मी शिकलेलं होतं, मला माहीत होतं, आणि पोरं ते पाळत होती.

त्या दिवशी वरचे साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांना फोटो पायजे होते. ते मैदानावर आले, झाडाखाली पसरलेली पोरं बघितली आणि म्हणले, "मॅडम, हा काय कन्नडचा आठवडी बाजार भरवला का? रांग कुठंय?"

मी म्हणलं, "सर, फळी फिरती ना, म्हणून लांब बसवलेत."

"अहो दोन फोटोपुरतं. शिस्त दिसली पायजे. करा सरळ रांग."

मी केली. शिट्टी वाजवली आणि रोजच्या परिपाठासारखं ओरडले, "एक हात अंतर, घे!" पोरांनी हात पुढं करून पुढच्याच्या खांद्याला लावले. लई सरळ रांग झाली. रांगेच्या तोंडाला मारणारी, ही पोरगी. तिच्या मागं एक हातावर तो. एक हात. पोराचा हात केवढा असतो? आणि फळीची लांबी मी धरलीच नाय. प्रार्थनेला उभं राहायचं अंतर ते, आणि मी ते फळीच्या मागं लावलं.

सरांनी मोबाईल धरला. एक फोटो काढला. मग म्हणले, "पोरं इकडं तिकडं बघायलीत, जरा लक्ष द्यायला सांगा." मी ओरडले, "सगळ्यांची नजर चेंडूवर!"

तिच्या मागच्या त्या पोरानं ऐकलं माझं. पुढं काय चाललंय ते दिसावं म्हणून त्यानं मान बाजूला काढली आणि वाकून चेंडूकडं बघितलं. तिनं पण ऐकलं. तिची नजर चेंडूवर, मागं कशाला बघंल. फळी मागं नेली, मी शिकवली तशी, पूर्ण.

आवाज लई बारीक आला. तो रडला पण नाय लगेच. खाली बसला आणि दोन्ही हात डाव्या डोळ्यावर ठेवले. बोटांतून रक्त आलं तेव्हा ती फळी हातात घेऊन तशीच उभी होती. माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असंल मॅडम सांगतील आता काय करायचं.

त्याच्या आजोबांची गाडी आली, त्याला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता. मधल्या सुट्टीत मुलं आपसात खेळताना इजा झाली, असं लिहिलेलं.

"सर, सुट्टी नव्हती. माझा तास होता."

"तुमचा मानधनाचा करार पुढच्या महिन्यात नवा व्हायचाय ना? मग. आणि पोरीचं काय, तिच्या हातात काठी कायमच असती. लोकांना पटतंय ते."

मी सही केली. ह्याला काय कारण देऊ? घाबरले होते. बाप रिक्षा चालवतो, पहिली नोकरी, असं मी स्वतःला जीपमध्ये सांगत आले. चाचांनी विचारलं, "क्या हुआ मास्टरनी, आज चुप?" मी खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. पोरं बाजूला झाली. एक जण ओरडला, "मारकी आली, सरका!" मारकी म्हंजी शिंगं मारणारी म्हैस. सगळे हसले. मी व्हरांड्यात होते. मी "ए, गप्प बसा" म्हणलं, बास, तेवढंच. चूक कुणाची होती ते त्या वेळी सांगायला एक वाक्य लागलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं. ती वाट बघायली होती, मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. डावा डोळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, काही होणार नाय आता. त्या दिवशी तिच्या बाकावर कुणी बसलं नाय. डब्याच्या वेळेला ती नळाजवळ एकटी जेवली.

चौथ्या दिवशी ती आलीच नाय. मी आत्याच्या घरी गेले. आत्या भाकरी थापत होती, वर बघितलं नाय.

"पाठवली तिच्या बापाकडं. लोकं दारात येऊन बोलायले बाई. मोठ्या घरचं पोरगं ते. उद्या काय झालं म्हंजी कुणाला धरतील?"

"शाळा बुडंल तिची."

"मग? शाळेनंच सांगितलं ना तिनं मारलं म्हणून!"

तिथून मी सरळ त्या पोराच्या घरी गेले. जायचं ठरवलं नव्हतं, पायच गेले. आजोबा ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले. सुट्टी नव्हती, रांग मी लावली, अंतर मी चुकवलं, पोरीची चूक नाय. मोबाईल काढून फोटो दाखवला, सरांनी फटक्याच्या आधी काढून शाळेच्या ग्रुपवर टाकलेला. रांग अगदी सरळ. त्यांचा नातू रांगेत दुसरा, दोन्ही डोळे उघडे.

त्यांनी फोटो लई वेळ बघितला. मला वाटलं आता आरडाओरड करतील. ते म्हणले, "मला चार दिवस त्या पोरीचा राग आला. रोज. एवढ्याशा पोरीचा. तो राग कुठं ठेवू आता?" मग आत बघून हळू म्हणले, "तो बी म्हणत होता, ती नाय मारणार. आम्हीच त्याला गप्प बसवलं."

मी रडायला लागले तसे ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्या शाळेपुढं बोलले. पोरं ऐकत होती. सर माझ्याकडं बघत नव्हते. परिपाठ संपल्यावर मी शाळेत न थांबता कन्नडची जीप धरली. विचारत विचारत दुपारी त्यांचा कळप सापडला, ऊस तुटलेल्या रानात. शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात, तिथं.

ती कळपाच्या कडेला होती. हातात काठी नव्हती. एक मेंढी बांधाकडं निघाली तर ती नुसती ओरडली, मेंढीनं ऐकलं नाय, मग पळत जाऊन दोन्ही हातांनी ढकलली. बाप म्हणला, "आल्यापासून असंच. काठी दिली तर टाकून देती. मेंढरं काय अशी वळतात का?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत होता. मी म्हणलं, "दादा, तिला परत पाठवा. मी सगळ्यांना सांगितलंय तिची चूक नव्हती."

"कधी सांगितलं?"

"काल त्या पोराच्या घरी. आज शाळेत."

"आणि मारकी कधीपासून म्हणतात तिला?"

"दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणलं.

"तुमी मास्तरीण. तुमाला म्या काय सांगावं. पोरांना एकदा शिकवलेलं निघतं का? तुमच्या तिथं ती आता मारकीच राहणार." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "नाय पाठवत. पण एक करा. लिहून द्या. पुढं मागं कुठं शाळेत घातली, कुणी इचारलं, तर कागद असू द्या पोरीजवळ."

मी पर्समधली वही काढली. मांडीवर ठेवून लिहिलं. त्या दिवशी खेळाचा तास होता. रांग मी लावली होती. अंतर कमी ठेवलं ही माझी चूक. माझ्या वर्गातल्या या मुलीनं मी शिकवलं तसंच केलं. खाली जखमी झालेल्या मुलाचं नाव, माझं नाव, सही, तारीख.

बापानं कागद हातात घेतला, उलटा सुलटा केला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तिला हाक मारली.

ती आली. माझ्यापासून लांबच उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, त्याला दिसतं का?"

"उजव्या डोळ्यानं दिसतं."

तिनं मान हलवली.

"हे वाच," बाप म्हणला. "मोठ्यानं. काय लिवलंय बघू दे मला."

तिनं कागद धरला. तिसरीची पोरगी, बोट ठेवून वाचायची, जोडाक्षराला अडायची. त्या दिवशी खेळाचा तास होता. बाप तोंडाकडं बघत होता. रांग मी लावली होती. बाप माझ्याकडं बघायला लागला. माझी चूक. शिकवलं तसंच केलं. आवाज चांगला होता तिचा, वर्गात मी तिला कधी वाचायला उठवलंच नव्हतं, खेळाच्या मॅडमला कुठं वाचून घ्यायचं असतं.

मग खाली त्या पोराच्या नावावर तिचं बोट आलं आणि ती थांबली.

"वाच की फुडं," बाप म्हणला.

बोट तिथंच होतं. वाऱ्यानं कागद हलत होता, तो तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"येत नाय का? अवघड हाय का?"

तिनं नाय म्हणून मान हलवली. अवघड नव्हतं ते. दोन अक्षरांचं नाव, काना नाय, मात्रा नाय, पहिलीतल्या पोराला पण आलं असतं.